‘औषध संपलंय’ म्हणजे नेमकं काय झालं?

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवरचे “संपलंय, बाहेरून आणा” हे उत्तर आपल्या वस्त्यांना पाठ झाले आहे. नशिबाचा भाग समजून आपण चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जातो. पण औषध एका दिवसात संपत नाही. ते संपत चालल्याचे भांडाराच्या रजिस्टरात आधीच दिसत असते. वॉर्डात काम केलेल्या आम्हा परिचारिकांना हे चांगले ठाऊक आहे.

कुत्रा चावल्यावर देतात ती लस घ्या. समजा, एका रुग्णालयाला रोज १० कुप्या लागतात आणि मागणी पाठवल्यापासून माल यायला ६० दिवस लागतात. म्हणजे ६०० कुप्या उरतील त्या दिवशी मागणी गेलीच पाहिजे. गाडी उशिरा आली किंवा रुग्ण वाढले तर हाताशी असाव्यात म्हणून आणखी ३०० धरा. म्हणजे मागणी ९०० वरच जायला हवी. कुणी २०० उरल्यावर कागद हलवला, तर २० दिवसांत साठा संपेल आणि पुढचे ४० दिवस लस नाही. निधी असूनही नाही.

उलटेही घडते. एकदम भरपूर माल येतो, नवी खोकी पुढे लागतात आणि जुनी मागे मुदत संपून पडतात. ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरायचे, हा नियम आपण घरच्या डाळ-पिठालाही लावतो. शिवाय ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. फ्रिज बंद पडला तर रजिस्टरात साठा दिसतो, पण तो उपयोगाचा राहत नाही.

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून ते ४० दिवस आम्हाला छळतात.

यावर उपाय नाही असे नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ काढले. तिथे जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे आहेत आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. नातेवाइकांनी औषधटंचाईचा आरोप केला, प्रशासनाने तो नाकारला आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी खरे-खोटे ठरवायला साठ्याचे रजिस्टरच उपयोगी पडते.

ते रजिस्टर आपल्यालाही पाहता येते. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून (दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही नाहीत) मागणी कधी गेली, माल कधी आला, मुदतबाह्य किती झाला हे विचारा. रजिस्टर समक्ष पाहण्याचीही मागणी करता येते. विहारातल्या महिला मंडळाने दोन-तीन महिन्यांतून एकदा हे काम अंगावर घ्यावे. खिडकीवर भांडून काही होत नाही. तिथे बसलेल्या माणसाच्या हातात मागणीपत्र नसते.

आणि कुत्रा चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्वचेत देतात त्या लसीचे डोस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. एक मिलीलिटरच्या कुपीत चार-पाच जणांचे डोस होतात, पण उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत वापरावी लागते. “आणखी माणसे जमू द्या, उद्या या” म्हणाले तर परत फिरू नका. पहिला डोस त्याच दिवशी मागा. लस खरोखर नसेल तर जवळ कुठे आहे ते चिठ्ठीवर लिहून घ्या. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन वेगळे लागते. तेही पहिल्याच दिवशी घ्यायचे. त्या दिवशी मिळाले नाही, तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंतच घेता येते.