अर्धवट राहिलेली फियाट : विकायची की पूर्ण करायची?



आजचा पाठ निर्णय कसा घ्यायचा याविषयी आहे. उदाहरण पाठ्यपुस्तकातलं नाही, घरामागच्या शेडमधलं आहे. ताडपत्रीखाली झाकलेली एक जुनी फियाट. आजोबांनी घेतलेली, नाहीतर हौसेनं कुणाकडून तरी आणलेली. मोठ्या उत्साहात काम सुरू झालं. इंजिन उतरवलं, सीट काढल्या, पत्र्याला प्रायमर मारला आणि मग काम थांबलं ते थांबलंच. चार वर्षं झाली. घरात अधूनमधून विषय निघतो. एकजण म्हणतो, "विकून टाका एकदाची." दुसरा म्हणतो, "एवढा खर्च केलाय, आता थोडक्यासाठी कशाला सोडायची?"

हे दुसरं वाक्य आपण सगळेच बोलतो. ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच ते तपासून बघायला हवं.

इयत्ता : ८ वी ते १० वी
वेळ : दोन तासिका
उद्दिष्ट : झालेला खर्च आणि होणारा खर्च यांतला फरक विद्यार्थ्यांना ओळखता येणे

१. आधी गाडीची ओळख

मुलांना गाडी माहीत असेलच असं नाही, म्हणून दोन मिनिटं यावर द्या. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' तयार होऊ लागली. पुढे तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तरी लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते 'फियाट'च. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, ही तिची ओळख. २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि रस्त्यावरचं ते पर्व मिटलं.

म्हणूनच हा निर्णय अवघड होतो. ही गाडी नुसतं लोखंड नाही, तिच्यात कुणाच्या तरी घरातल्या आठवणी आहेत. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, पुढे त्याचाही हिशोब करायचा आहे.

२. बुडीत खर्च म्हणजे काय?

जो पैसा, वेळ किंवा श्रम खर्च होऊन गेले आणि कुठलाही निर्णय घेतला तरी परत मिळणार नाहीत, तो बुडीत खर्च. गाडी विकली तरी रंगाऱ्याला दिलेले पैसे तो परत देणार नाही. गाडी पूर्ण केली तरीही देणार नाही. जी गोष्ट दोन्ही वाटांवर सारखीच आहे, ती वाट निवडायला मदत करू शकत नाही.

कळायला हे सोपं आहे, वळायला अवघड. हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मुलांना जरूर सांगा. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीला तिकीट दिलं, तर काहींना अचानक सवलत दिली. कुणाला सवलत द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरीही हंगामाच्या पहिल्या निम्म्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. 'पैसे भरलेत, मग जायलाच पाहिजे' हा तो विचार.

३. हिशोब फळ्यावर मांडा

खालचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. तुमच्या गावातले खरे आकडे मिळाले तर ते वापरा.

गाडीची खरेदी : ६०,००० रु.
आजवरचा खर्च : १,८०,००० रु.
मेकॅनिकने सांगितलेला उरलेला खर्च : १,५०,००० रु.
आज आहे तशी विकली तर : ७०,००० रु.
पूर्ण करून विकली तर : ३,००,००० रु.

बहुतेक मुलं आधी पहिल्या दोन ओळींची बेरीज करतील. मग म्हणतील, "सर, २,४०,००० गेले आणि विकून ७० हजारच येणार? म्हणजे १,७०,००० चं नुकसान!" बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण प्रश्न चुकलाय. ते नुकसान आज होणार नाही, ते होऊन गेलंय. पहिल्या दोन ओळी सरळ पुसून टाका. (फळ्यावर खरंच पुसा. मुलांच्या लक्षात राहतं.) आता उरलं काय?

आज विकली तर हातात ७०,०००.
पूर्ण करून विकली तर ३,००,००० – १,५०,००० = १,५०,०००.

म्हणजे पूर्ण करणं ८०,००० रुपयांनी फायद्याचं. बघा, बुडीत खर्च विसरला की उत्तर दरवेळी 'विका' असंच येतं, असं नाही. पुष्कळदा इथेच गैरसमज होतो.

आता मुलांना विचारा : उरलेला खर्च किती वाढला तर उत्तर उलटेल? ३,००,००० – ७०,००० = २,३०,०००. ही आपली मर्यादा. पुढचा खर्च याच्या आत असेल तर पूर्ण करा, याच्या वर जाणार असेल तर विका. हा एकच आकडा कागदावर लिहून शेडच्या दाराला चिकटवला तर घरातली निम्मी भांडणं थांबतील.

४. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं?

"९० टक्के काम झालंय, शेपूट तेवढं राहिलंय." जुन्या गाडीच्या बाबतीत ही म्हण फसवते, कारण इथे शेपूट हत्तीपेक्षा जड निघू शकतं. इंजिन उतरवणं, जुना रंग खरवडणं ही कामं मोठी दिसतात, पण ती भराभर होतात. खरा वेळ खातं ते पुढचं : वायरिंग, दरवाजांची फट जुळवणं, काचांचं रबर, क्रोमच्या पट्ट्या, ब्रेक, सीटची शिलाई आणि एखादा असा छोटा भाग, ज्याच्यासाठी चोर बाजारात चार फेऱ्या माराव्या लागतात. त्यात या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे खालच्या फ्लोअरला गंज लागला असेल तर वरून लांबी भरून, रंग मारून भागत नाही. तिथे पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. आपला अंदाज कमी पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, काम किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ पेक्षा जास्त दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा अपुरा पडला.

म्हणून मेकॅनिकचा आकडा दीडपट करून बघा. १,५०,००० चे २,२५,००० झाले. मर्यादा होती २,३०,०००. फरक राहिला ५,००० रुपयांचा, म्हणजे जेमतेम एका बॅटरीचा! ८०,००० चा फायदा कुठे गेला, हे मुलांना स्वतः शोधू द्या.

दुसऱ्या बाजूचा आकडाही तपासायला हवा. विक्रीची किंमत धरताना आपण आपल्या वस्तूला जास्त मोल लावतो. कानेमन, नेट्श आणि थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगात हातात आलेला साधा कॉफीचा मग विकायला विद्यार्थ्यांनी मागितलेली किंमत, तोच मग विकत घेणाऱ्यांनी सांगितलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. मग तर काही मिनिटांपूर्वीच मिळालेला! इथे तर आजोबांची गाडी आहे. म्हणून लोक काय किंमत मागतात ते न बघता, तशी गाडी खरोखर कितीला गेली ते विचारा.

५. तिसरा निर्णय, जो कुणी मोजत नाही

विकायची नाही आणि पूर्णही करायची नाही. "बघू पुढे." हा निर्णय नाही असं आपल्याला वाटतं, पण तोही निर्णयच आहे आणि बऱ्याचदा सगळ्यांत महाग पडतो. गाडी उभी राहिली म्हणून तशीच राहत नाही. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर बनतो आणि कार्बोरेटर तुंबतो. रबर कडक होऊन तडकतं. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. उंदीर वायरिंग कुरतडतात. प्रायमर पाणी धरतो, त्यामुळे नुसता प्रायमर मारलेला पत्रा आतून गंजू लागतो. सुटे भाग डब्यांतून हरवतात. कुठला नट कुठला, हे ज्याला माहीत होतं तो मिस्त्रीही कायम हाताशी राहत नाही. सुटी केलेली गाडी घेणारा माणूस आधी विचारतो, "यात काय काय नाहीये?" आणि तुम्हाला सांगता आलं नाही की भाव पाडतो.

म्हणजे वरच्या उदाहरणातले ७०,००० पुढच्या वर्षी ७०,००० राहणार नाहीत, आणि उरलेला खर्चही १,५०,००० राहणार नाही. दोन्ही आकडे तुमच्या विरुद्ध सरकतात.

यावर एक साधी कसोटी आहे. गेल्या सहा महिन्यांत गाडीवर किती तास काम झालं, ते प्रामाणिकपणे लिहा. उत्तर शून्य असेल, तर पुढच्या सहा महिन्यांत नेमकं काय बदलणार आहे ते लिहा : पैसा, वेळ, माणूस की जागा? काहीच बदलणार नसेल, तर "पूर्ण करणार" हे वाक्य हिशोबात धरू नका.

६. मायेचा रकाना

आता आठवणींकडे येऊ. "भावनेनं निर्णय घेऊ नका" असं मुलांना सांगू नका. ते खोटंही आहे आणि कोरडंही. फक्त माया आणि बुडीत खर्च यांची सरमिसळ होऊ देऊ नका. समजा, उरलेला खर्च २,६०,००० निघाला. मर्यादेपेक्षा ३०,००० जास्त. आता प्रश्न असा विचारायचा : आजीला पुन्हा एकदा या गाडीत बसवून गावाला नेणं, हे आपल्याला ३०,००० रुपयांचं वाटतं का? वाटत असेल तर खुशाल पूर्ण करा. तो वेडेपणा नाही, ती खरेदी आहे. तुम्ही आनंद विकत घेताय आणि त्याची किंमत तुम्हाला माहीत आहे.

पण "एवढे घातलेत म्हणून" पूर्ण करताय, तर तुम्ही आनंद विकत घेत नाही, जुनी सल झाकताय. मन ओळखायचं असेल तर स्वतःला विचारा : ही अर्धवट गाडी माझी नसती आणि आज कुणी मला ७०,००० ला दिली असती, तर मी घेतली असती का? 'हो' आलं तर तुमचं गाडीवर प्रेम आहे. 'नाही' आलं तर तुम्हाला फक्त सोडवत नाहीये.

७. कागदपत्रं विसरू नका

निर्णय कुठलाही असो, आरसी कुणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. मालक हयात नसतील तर नमुना ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. विक्रीसाठी नमुना २९ आणि ३० लागतात. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं असते, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पन्नाशी ओलांडलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे, पण तशी गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून गाडी फिरवायची आहे की जपायची आहे, हे खर्च करण्याआधी ठरवा.

८. वर्गातली कृती

वर्गाचे दोन गट करा. दोन्ही गटांना वरचंच उदाहरण द्या, पण उरलेला खर्च २,४०,००० लिहा. पहिल्या गटाच्या कागदावर 'खरेदीसह आजवर गेलेले पैसे : ४०,०००' आणि दुसऱ्याच्या कागदावर '२,४०,०००' असं लिहा. बाकी सगळं सारखं. चर्चा न करता प्रत्येकानं फक्त 'विका' किंवा 'पूर्ण करा' लिहायचं. मग फळ्यावर मोजणी करा. दोन्ही गटांचं गणित एकच आहे, म्हणून उत्तरांचं प्रमाणही सारखं यायला हवं. आलं नाही तर का आलं नाही, हीच दुसऱ्या तासिकेची चर्चा. कुणाला चूक ठरवू नका.

गृहपाठ : घरात अर्धवट पडलेली एक वस्तू शोधा. विणायला घेतलेला स्वेटर, बंद मिक्सर, अर्धी शिवलेली गोधडी, काहीही चालेल. झालेला खर्च न लिहिता, 'आजपासून पुढे' असा हिशोब मांडा.

९. पालकांसाठी दोन शब्द

हा पाठ घरी आला की मुलं तुम्हालाही प्रश्न विचारतील. "क्लासची फी भरलीये, आता सोडायचा नाही" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! क्लास चालू ठेवायची चांगली कारणं असू शकतात : मूल शिकतंय, रमतंय, पुढे उपयोग आहे. भरलेली फी मात्र त्यांपैकी कारण नाही. मुलाला पुढचे सहा महिने तिथे काय मिळणार आहे, एवढाच प्रश्न खरा. मूल अडून बसलंय की खरंच गुदमरतंय, हे फीच्या पावतीवरून कळत नाही, त्याच्याशी बोलूनच कळतं.

पाठ वर्गात घेतलात तर दोन्ही गटांची मोजणी जरूर जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती दाखवता येईल.