डेल्फ्टच्या शिवारात सतराव्या शतकाची पलटण

प्रश्न : डेल्फ्टलगतच्या स्खिपलाउडेन परिसरात डच शेजाऱ्यांसह सतराव्या शतकातील लष्करी जीवनाची प्रात्यक्षिके करणारे मंडळ काढावयाचे आहे. आरंभ कोठून करावा? त्यात मावळे आणता येतील काय?

उत्तर : आरंभ लढाईने नव्हे, कवायतीने करावा. याकोब द खेन याच्या, १६०७ साली हेग येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बंदूक व भाला हाताळण्याची एकेक अवस्था स्वतंत्र चित्राने दाखविलेली असल्यामुळे, तो एकच ग्रंथ वर्षभराच्या सरावास पुरून उरेल. खेड्यात माणसे थोडी, हे खरे. परंतु कुरण मोकळे मिळते, आणि ग्रुन्लोसारख्या आडबाजूच्या गावाने १६२७ च्या वेढ्याचे प्रयोग करून एवढ्या भांडवलावर काय साधते ते दाखविले आहेच.

हत्यारांच्या बाबतीत मात्र हयगय नको. प्रौढास तलवार घरी बाळगता येते, तथापि ती उघडपणे घेऊन हिंडण्यास कायद्याची मनाई आहे. आणि परवान्यावाचून बंदुकीच्या दारूला हात लावू नये, हे १२ ऑक्टोबर १६५४ रोजी दारूचे कोठार उडून ज्याचा मोठा भाग जमीनदोस्त झाला त्या डेल्फ्ट शहराच्या वेशीवर निराळे सांगावयास नको. मंडळाची घटना नोटरीकडून करून घ्यावी, म्हणजे मंडळाच्या देण्याचा बोजा सभासदांवर सहसा पडत नाही.

ग्रुन्लोच्या वेढ्यात मावळा शोभणार नाही. परंतु डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार वेंगुर्ल्यास १६३७ पासून होती आणि कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला. तेव्हा वखारीच्या दारी चाललेली जकातीची घासाघीस दाखवावी, तीत मराठा शिलेदार खुशाल उभा राहील.