अर्धांगवायूनंतर : दुबळ्या हाताला काम हवे

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास अथवा तेथील रक्तवाहिनी फुटल्यास शरीराची एक बाजू लुळी पडते. यालाच आपण अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतो. रुग्णालयातील उपचारांनी जीव वाचतो. परंतु गेलेली शक्ती परत मिळविण्याचे दीर्घ काम बहुतांशी घरीच करावे लागते.

या दृष्टीने पेद्रो बाख-इ-रीता यांचे उदाहरण उद्बोधक आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अध्यापन करणाऱ्या या कवीला १९५९ साली पक्षाघाताने गाठले. त्यांचा मुलगा जॉर्ज याने त्यांना लहान मुलाप्रमाणे प्रथम भिंतीच्या आधाराने रांगावयास लावले. मग गोट्या वेचणे, भांडी घासणे अशी कामे दिली. कालांतराने ते पुन्हा शिकवू लागले. १९६५ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा शवविच्छेदनात मेंदूतील मोठी इजा कायम असल्याचे दिसून आले. शाबूत राहिलेल्या भागांनी गेलेल्या भागांचे काम उचलले होते.

मेंदूची ही क्षमता सरावाने जागी होते. याउलट, दुबळा हात वारंवार फसतो म्हणून रुग्ण सर्व कामे चांगल्या हाताने करू लागतो आणि घरची माणसे मायेपोटी घासही भरवितात. परिणामी दुबळा हात न वापरण्याची सवयच जडते. शास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी हा दोष ओळखून उपाय सुचविला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत २२२ रुग्ण होते. त्यांपैकी काहींच्या चांगल्या हातावर दोन आठवडे मोजा चढवून दुबळ्या हाताकडून काम करवून घेण्यात आले. त्याचा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र या रुग्णांच्या मनगटात व बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती, हे ध्यानात ठेवावे. असा प्रयोग तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.

घरचा सराव साधाच असावा. एका वाटीतील शेंगदाणे दुसऱ्या वाटीत टाकणे, मेजावर पंचा पुढेमागे सरकविणे, कपड्यांच्या घड्या घालणे, बटणे लावणे, खुर्चीवरून उठणे-बसणे. काम थोडे कठीण, पण आवाक्यातील असावे. दिवसातून अनेकदा करावे आणि आज किती वेळा जमले हे वहीत टिपावे.

उठता-बसताना मदतनीसाने दुबळ्या बाजूस उभे राहावे. परंतु रुग्णाचा दुबळा हात धरून त्याला ओढू नये, त्याने खांदा दुखावतो. गिळताना ठसका लागत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबाची औषधे मनाने बंद करू नयेत. तोंड पुन्हा वाकडे झाले, हातातील शक्ती गेली किंवा बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णाला बटण लावावयास दहा मिनिटे लागत असतील, तर ती दहा मिनिटे त्याला द्यावीत. शेजारी धीराने बसून राहणे, हीदेखील शुश्रूषाच होय.