हेतू नसलेली शिवी

टुरेट या मज्जासंस्थेच्या विकाराचे वर्णन फ्रेंच डॉक्टर जिल द ला तुरेत यांनी १८८५ साली नऊ रुग्णांवरून केले. यात अंगाला झटके येतात, तोंडून अनावर आवाज निघतात. दहांतील एखाद-दुसऱ्याच्या तोंडून शिवीही निघते. शिंकेसारखी ती क्षणभर दाबता येते, मग उसळतेच. बोलणाऱ्याला काही कळत नसते, हा मात्र गैरसमज. त्याला कळते, म्हणूनच तो मेल्याहून मेल्यासारखा होतो.

परंतु ती शिवी जातीची असेल तर? आपल्या वाडवडिलांनी ती पाणवठ्यावर ऐकली आहे. हेतू नव्हता म्हणून ती कमी झोंबत नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अपमानाचा हेतू पाहतो, आणि ते योग्यच आहे. रुग्ण दोषी नाही, असे आम्ही मानतो. पण ऐकणाऱ्याची विचारपूस आधी व्हावी. आजाराची माहिती त्याला त्यानंतर द्यावी.