अहिल्यादेवींचे ३०० रुपयांचे नाणे मुलीच्या नावाने घ्यावे का?

प्रश्न : नातेपुते (ता. माळशिरस) येथील एका किराणा दुकानदार वाचकाने तीन शंका विचारल्या आहेत. गल्ल्यात आलेली वेगळ्या छापाची नाणी ते बरीच वर्षे बाजूला काढून ठेवतात. आता अहिल्यादेवी होळकरांचे ३०० रुपयांचे नाणे मुलीच्या नावाने घ्यावे, असे त्यांच्या मनात आहे. त्यातून पुढे तिच्या शिक्षणाला पैसा उभा राहील का? विकताना कर लागेल का? आणि वैष्णोदेवीच्या छापाच्या ५ रुपयांच्या नाण्याला काही लाख देऊ, आधी ‘नोंदणी फी’ भरा, असा फोन आला आहे, तो खरा मानावा का?

उत्तर : आधी फोनचे. तो खोटा आहे. वैष्णोदेवीच्या छापाची नाणी चलनासाठीच काढली होती आणि ती अजूनही हातोहात फिरतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही, त्यासाठी कोणाला नेमलेले नाही आणि फी, दलाली किंवा कर मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. एक रुपयाही भरू नये. कोणी भरला असेल, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता नाण्याकडे वळू. अहिल्यादेवींच्या जन्माला ३०० वर्षे झाली, त्या दिवशी, ३१ मे २०२५ रोजी, भोपाळमध्ये हे नाणे प्रकाशित झाले. त्यावरचा ३०० हा आकडा वर्षांचा आहे. नव्या संसद भवनाच्या वेळी ७५ रुपयांचे नाणे निघाले ते स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचे, आणि रिझर्व्ह बँकेला ९० वर्षे झाली तेव्हा ९० रुपयांचे. अशी नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतात. ती टांकसाळीकडे नोंदणी करून घ्यावी लागतात आणि विक्रीची किंमत दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट असते.

त्या किमतीत चांदी किती, हे पाहिल्याशिवाय गुंतवणुकीचे बोलणे व्यर्थ आहे. संसद भवनाच्या नाण्याचे वजन ३५ ग्रॅम, पण त्यात चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० मध्ये इंग्रज सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, ती याच मिश्रणात. त्याआधीच्या राणीछाप रुपयात ती सुमारे ९२ टक्के होती. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या १० रुपयांच्या नाण्यात १५ ग्रॅमपैकी १२ ग्रॅम चांदी होती. १९७२ च्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी नाण्याचे वजन साडेबावीस ग्रॅम झाले, चांदी मात्र सव्वाअकरा ग्रॅमवर आली. म्हणून कोणतेही नाणे घेण्याआधी राजपत्रातल्या अधिसूचनेत धातूचे प्रमाण वाचावे. शिवाय नाणे आटवून चांदी काढू म्हटले, तर नाणे अधिनियम, २०११ ते करू देत नाही; नाणे वितळवणे हा गुन्हा आहे.

उरते ती हौशी लोकांची मागणी. जुने नाणे महाग होते ते तशी थोडीच नाणी शिल्लक राहिल्यामुळे. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया हे त्याचे ठळक उदाहरण. स्मारक नाण्याचे उलटे असते. ते घेणारा प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून डबीत जपून ठेवतो. वीस वर्षांनी विकायला निघावे, तर तशीच डबी घेऊन इतरही उभे असतात. किंमत वाढलीच तर बहुतेक वेळा चांदीच्या भावामुळे, आणि तेवढ्यासाठी सराफाकडून शुद्ध चांदी घेणे स्वस्त पडते.

कराचे उत्तर दिवाळीत नाण्यांची पूजा करणाऱ्या प्रत्येक घराने ऐकावे असे आहे. धोलपूरचे महाराज राणा हेमंत सिंहजी यांनी सोन्याची व चांदीची नाणी विकली. ती लक्ष्मीपूजनात मांडली जात, म्हणून ती घरगुती वापराची वस्तू आहे आणि त्यावर कर नाही, असा त्यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तो फेटाळला. वर्षातून एकदा पूजेत ठेवल्याने नाणे अंगावरच्या-वापरातल्या वस्तूंसारखे होत नाही. त्यामुळे नफा झाला तर भांडवली नफ्याचा कर लागतो: २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवले असेल तर साडेबारा टक्के, त्याआधी विकले तर नेहमीच्या उत्पन्नाप्रमाणे. खरेदीची पावती सांभाळावी.

संग्रह मात्र जरूर करावा, आणि या वाचकांनी तो गल्ल्यातूनच सुरू केला आहे ही फार चांगली गोष्ट आहे. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, १९९९ चा ज्ञानेश्वर माउलींचा रुपया, त्याच वर्षीचे शिवछत्रपतींचे २ रुपयांचे नाणे, २००२ चे तुकोबांचे २ रुपयांचे. माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर मुक्कामाला येते ती नातेपुत्यात; त्या गावातल्या मुलीच्या हाती माउलींचा रुपया असणे याचे मोल बाजारभावात बसत नाही. सालाखाली बारीक चौकट दिसली तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, ठिपका दिसला तर नोएडाचे, तारा दिसला तर हैदराबादचे, काहीच नसले तर कोलकात्याचे. हे तिला शिकवता येईल. नाणी चिंच-मीठ लावून घासू नयेत. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत.

अहिल्यादेवींचे नाणे घ्यायचेच असेल, तर एकच घ्यावे, थेट टांकसाळीच्या नोंदणीतून, आणि डबी व प्रमाणपत्रासह ठेवावे. मुलीच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नयेत; त्यासाठी सुकन्या समृद्धीचे खाते टपाल कार्यालयात उघडता येते, मुलगी दहा वर्षांची होण्याआधी.