टाकीचा पट्टा तुझ्या हातचा

स्कूबाच्या टाकीच्या पट्ट्याला बकल प्लॅस्टिकचं घेऊ की स्टीलचं, हे तू विचारलंस ते मला फार आवडलं गं. मास्क कुठला, फिन्स कुठल्या रंगाच्या, हे सगळ्याच विचारतात. पाठीवरची टाकी ज्या एका पट्ट्याच्या भरवशावर असते, त्या पट्ट्याकडे मात्र कुणी बघतच नाही. म्हणून जरा बैजवार सांगते.

आपल्याकडच्या बोटींवर बहुधा अकरा लिटरची ॲल्युमिनियमची टाकी असते. रिकामी असतानाच तिचं वजन चौदा किलोच्या आसपास, वर भरलेली हवा अडीच किलोची. हे सगळं ओझं तुझ्या बीसीडी जॅकेटला धरून ठेवतो तो दोन इंच रुंदीचा पट्टा, आणि पट्ट्याला धरून ठेवतं ते बकल. पट्टा सैल राहिला तर टाकी खाली घसरते, रेग्युलेटरची नळी ताणली जाते आणि तोंडातला माउथपीस ओढला जातो. पाण्याखाली हे झालं तरी घाबरायचं नाही, रेग्युलेटर दातांत घट्ट धरून ठेवायचा आणि जोडीदाराला खूण करायची. तू आडवी स्थिर राहा, तो मागून बकल उघडून टाकी वर घेईल आणि पट्टा पुन्हा आवळेल. पाडी या डायव्हिंग संस्थेच्या ओपन वॉटर कोर्समध्ये सैल झालेला पट्टा पुन्हा बसवायला शिकवतात, ते उगाच नाही. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत शिकायला जाशील तेव्हा हा भाग घाईने उरकू देऊ नकोस, पुन्हा करून बघायचंय म्हणून सांग.

आता बकल. प्लॅस्टिकचं बकल वाईट, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. तसं अजिबात नाही. चांगल्या कंपनीचं जाड प्लॅस्टिकचं बकल हलकं असतं, त्याला गंज चढत नाही, आणि भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक जॅकेटांवर तेच असतं. त्याचे वैरी दोन, ऊन आणि आदळआपट. बोटीवर जॅकेट टाकीसकट आडवं पडतं, बकल नेमकं खाली येतं आणि त्याला बारीक चीर जाते. ती चीर सहज दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी खटका उघडून बिजागरीजवळ बोट फिरवून बघायचं. प्लॅस्टिक पांढुरकं पडलेलं असेल किंवा कुठे रेघ लागली, तर ते जॅकेट परत दे आणि दुसरं माग. संकोच करू नकोस.

स्टीलचं बकल मजबूत असतं, वर्षानुवर्षं टिकतं, पण कित्येक पट महाग. शिवाय स्टील म्हटलं की सगळं सारखंच असं नाही. तुझे बाबा डोंबिवली एमआयडीसीत इतकी वर्षं आहेत, त्यांनाच विचार ३०४ आणि ३१६ मधला फरक. केमिकलच्या टाक्यांना ३१६ का वापरतात, ते माझ्यापेक्षा तेच नीट सांगतील. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाच्या पाण्याला जास्त तोंड देतं. ३०४ वर काही दिवसांनी तपकिरी ठिपके उमटू लागतात, आणि ते सुरू होतात बिजागरीच्या पिनेपासून. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण चुंबक दोघांनाही फारसा चिकटत नाही. म्हणून दुकानदार नुसतं 'स्टेनलेस आहे' म्हणाला की विचारायचं, कुठलं? उत्तर देता आलं नाही तर घेऊ नकोस.

पण खरं सांगू? बकलापेक्षा पट्टी आणि तुझे हात जास्त महत्त्वाचे आहेत.

पट्टी नायलॉनची असेल तर ती पाण्यात भिजली की सैलावते. कोरड्या पट्टीला कितीही जोर लावून आवळलं, तरी पाण्यात गेल्यावर ती ढिली पडणार. म्हणून आधी पट्टा बादलीत बुडवायचा, चांगला भिजू द्यायचा आणि मग आवळायचा. पॉलिएस्टरची पट्टी फारशी ताणत नाही, मिळाली तर तीच घे. तरीही भिजवायची सवय सोडू नकोस, कारण भाड्याच्या जॅकेटवर काय असेल ते तुझ्या हातात नसतं. आणि एक, उल्हासनगरच्या बाजारात बॅगांची पट्टी मिळते ना, तशीच दिसणारी, तशीच रुंद? जुना पट्टा विरला की ती आणून शिंप्याकडून शिवून घ्यावी, असा मोह होतो. तो टाळ. बॅगेची पट्टी किती जाड, कशाची विणलेली, टाके किती भार घेतील, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं.

लांबीही बघून घे. आपल्या नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीचा व्यास १८४ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण ५८ सेंटिमीटर. काही स्टीलच्या टाक्या २०३ मिलिमीटरच्या असतात, त्यांचा घेर ६४ च्या जवळ जातो. पुढे कधी अंदमानला किंवा नेत्राणी बेटावर गेलीस तर कुठली टाकी पुढ्यात येईल सांगता येत नाही. दोन्हींवर बसून वर धरायला टोक उरेल, एवढा पट्टा हवा.

बांधताना पट्टी आधी बकलाच्या आतल्या फटींतून ओवून हातानेच टाकीभोवती ओढून घ्यायची. मग खटका अर्धवट उघडा असतानाच टोक शेवटच्या फटीतून काढायचं आणि पट्टी ओढत ओढत खटका टाकीवर पाडायचा. शेवटची फट कधीही रिकामी ठेवू नकोस, खटका उघडू नये म्हणूनच ती असते. कंपनीगणिक ओवायची रीत थोडी बदलते, म्हणून नीट ओवलेल्या बकलाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेव. खटका अंगठ्याने नको, तळव्याने दाब. तो उलटा उसळला तर बोट सापडतं. अंगठी आणि बांगड्या काढूनच ठेव. आणि केसांचा अंबाडा नको, तो टाकीच्या झडपेवर आपटत राहतो. खाली सैलसर वेणी घाल.

झडप तुझ्या मानेच्या बुडाशी आली पाहिजे. तू उंचीने लहान, म्हणून हे जास्त जपायचं. पट्टा टाकीवर खाली बसला की टाकी वर येते आणि मान मागे टाकताच डोकं झडपेला लागतं. सगळं झालं की जॅकेटची वरची मूठ धरून जॅकेट-टाकीची जोडी उचलायची आणि हलवून बघायची. टाकी जराही सरकली तर उघड आणि पुन्हा बांध.

माझा खरा आग्रह पुढेच आहे. मालवणच्या बोटीवर पोरं फार मायाळू असतात. तू पट्ट्याला हात लावलास की कुणीतरी म्हणणारच, "मॅडम, राहू दे, मी लावतो." आपल्या मुलींना ही मदत जास्तच मिळते, आणि त्यापायी कोर्स पुरा करूनही कित्येकींना स्वतःच्या टाकीचा पट्टा बांधता येत नाही. हसून सांगायचं, "दादा, मी बांधते, तुम्ही फक्त तपासा." बांधायचं तू, तपासायचं त्यांनी. म्हणूनच बकल निवडताना मी चमक बघत नाही. ओल्या हातांनी, कुणाच्या मदतीशिवाय, तुला ते पूर्ण बंद करता येतं का, एवढंच बघ. काही स्टीलच्या बकलांचा खटका इतका कडक असतो की लहान हाताला तो शेवटपर्यंत जातच नाही. अर्धवट बंद झालेल्या महागड्या बकलापेक्षा नीट बंद होणारं प्लॅस्टिकचं शंभर पटीने बरं.

घरी आल्यावर पट्टा गोड्या पाण्यात भिजत घाल आणि खटका चार-सहा वेळा उघड-बंद कर, म्हणजे बिजागरीतलं मीठ आणि वाळू निघेल. घरी त्या दिवशी पाणी येणार नसेल तर परतीच्या कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये बसायच्या आधी तारकर्लीलाच धुऊन घे, मीठ सुकू देऊ नकोस. वाळवायचं गॅलरीत सावलीत, उन्हात नाही. आणि ठेवताना बकल उघडंच ठेव.

तूर्त काही विकत घेऊ नकोस, असं माझं मत आहे. कोर्सला जाईपर्यंत डोंबिवलीच्या क्रीडा संकुलातल्या तलावात पोहण्याचा दम वाढव. कोर्सला न थांबता दोनशे मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. तारकर्लीच्या तलावात दोन्ही तऱ्हेची बकलं स्वतःच्या हाताने लावून बघ, आणि मगच पैसे खर्च कर. तुझ्या हाताला काय बरं, असं आजच विचारशील तर मी पॉलिएस्टरची पट्टी आणि चांगलं प्लॅस्टिकचं बकल घे म्हणेन.