प्रचारपटात घरची माणसं

प्रश्न : सुरुवातीचे सोव्हिएत मूकपट म्हणजे निव्वळ प्रचार, असं ऐकत आलो. पण दिग्दर्शक झिगा व्हर्तोव्हच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ला काही जण आत्मचरित्रही म्हणतात. ही दोन्ही एका चित्रपटात कशी नांदतात?

उत्तर : कारण इथे प्रचार करणारी माणसं स्वतःच पडद्यावर कामाला लागलेली दिसतात. १९२९च्या या मूकपटात कॅमेरा खांद्यावर टाकून शहरभर हिंडणारा माणूस म्हणजे व्हर्तोव्हचा धाकटा भाऊ मिखाईल कौफमन, या चित्रपटाचा छायाचित्रकार. (व्हर्तोव्हचं मूळ आडनावही कौफमनच.) संकलनाच्या टेबलाशी बसलेली येलिझावेता स्विलोव्हा ही व्हर्तोव्हची बायको आणि याच चित्रपटाची संकलक.

एक प्रसंग बघा. घोडागाडीतून काही बायका चालल्या आहेत. शेजारच्या मोटारीत उभा राहून मिखाईल कॅमेऱ्याचं हँडल फिरवतोय. गाडीतली एक बाई हसत हसत हातानं त्या हँडलची नक्कल करते. पुढे घोडा धावता धावता एकदम थिजतो. मग फिल्मच्या पट्ट्या दिसतात आणि त्या हाताळणारी स्विलोव्हा. आत्ता पाहिलेलं दृश्य कुणीतरी हातानं कापलं, जोडलं, हे आपल्यासमोर उघड होतं.

प्रचार नेमका इथेच शिरतो. स्विलोव्हाच्या कामाला जोडूनच शिवणकाम, कापडगिरणी, सिगारेटची पाकिटं भरणाऱ्या मुली दिसत राहतात. म्हणणं असं, की सिनेमावालाही कलावंत म्हणून वेगळा बसत नाही, तोही कामगारच. बाकी प्रचार तर उघडाच आहे : एकीकडे बिअरचा गुत्ता, दुसरीकडे बुद्धिबळाचे डाव मांडलेला लेनिनच्या नावाचा क्लब.

गंमत म्हणजे पडद्यावर एकच वाटणारं शहर मॉस्को, कीव्ह, ओदेसा अशा शहरांतून जुळवलेलं आहे. मॉस्कोच्या ‘सोवकिनो’ या चित्रसंस्थेनं १९२७मध्ये व्हर्तोव्हला काढून टाकलं होतं. त्यामुळे हा चित्रपट त्यानं युक्रेनच्या चित्रसंस्थेसाठी केला. म्हणजे ते आदर्श शहर रचलेलं, पण ते रचणारे हात मात्र खरे.

अर्थात या आत्मचरित्रात घरातली भांडणं नाहीत. चित्रपटानंतर दोघा भावांचं बिनसलं आणि त्यांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही. पडद्यावर राहिलं ते फक्त त्यांचं काम, आणि तेवढंच दाखवायचं होतं.